डोकं किती दुखतं यापेक्षा ते कसं बदललं, हे सांगा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या बाई 38 वर्षांच्या आहेत. विशीपासून महिन्यातून एकदोनदा त्यांच्या डोक्याची एक बाजू ठणकायची. अंधार करून पडल्या आणि एखादी उलटी झाली की दुसऱ्या दिवशी सगळं ठीक. गेले साडेचार महिने मात्र डोकं रोज दुखतंय. कधी डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं, कधी पूर्वीसारखे एका बाजूला घणाचे घाव. रोज दोन-तीन गोळ्या घेतल्याशिवाय दिवस निभत नाही. चष्म्याचा नंबर तपासून झाला, तो तसाच आहे. रक्तदाबही ठीक. घरचे म्हणतात, "तू ताण फार घेतेस." रात्री दिवा मालवला की मेंदूतल्या गाठीची भीती मनात येऊन बसते. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत: हे सोसायचं कसं, आणि दवाखान्यात धाव नक्की कधी घ्यायची.

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तिथे तासा-मिनिटांचा हिशेब असतो.

22 वर्षं मी डोकेदुखीचे रुग्ण पाहते आहे. बहुतेक जण आत येतात ते दुखण्याचा आकडा घेऊन: "डॉक्टर, दहापैकी दहा." तो आकडा मी लिहून घेते, कारण ते दुखणं खरंच तेवढं असतं. पण धोका किती आहे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. अर्धशिशीत, म्हणजे मायग्रेनमध्ये, माणूस भिंतीवर डोकं आपटायच्या बेताला येतो आणि तरी मेंदूला कसलीही इजा झालेली नसते. उलट, वयस्कर माणसाच्या कवटीखाली हळूहळू रक्त साचत असताना तो म्हणतो, "थोडं जड वाटतं, बाकी काही नाही." मेंदूच्या गाभ्याला स्वतःला वेदना कळतच नाही. दुखतात ती त्याच्याभोवतीची आवरणं, रक्तवाहिन्या, कवटीवरचे स्नायू आणि या सगळ्यांचा निरोप पोचवणाऱ्या नसा. म्हणून मी तीन गोष्टी खोदून विचारते: दुखणं किती वेगानं चढलं, नेहमीपेक्षा त्यात काय बदललं, आणि त्याच्या सोबत काय आलं.

वेगाचं आधी. एका मिनिटाच्या आत शिखर गाठणारी, "डोक्यात कुणी काठी घातली असं वाटलं" अशी डोकेदुखी कधीही घरी काढायची नाही. मेंदूच्या पृष्ठभागावरची रक्तवाहिनी फुटली तर ती अशीच येते. अर्ध्या तासात उतरली, गोळीनं बरं वाटलं, झोप लागली, तरी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचंच, स्वतः गाडी न चालवता. पहिल्या 6 तासांत केलेल्या सीटी स्कॅनमध्ये असा रक्तस्राव जवळजवळ नेहमी दिसतो. जसजसा वेळ जातो तसतशी ती खात्री कमी होते आणि मग पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून तपासावं लागतं. सकाळी झालेल्या प्रकारासाठी लोक संध्याकाळी येतात, का तर "उगाच कशाला धावायचं". मला ते पाहून फार वाईट वाटतं. असे शंभर जण आले आणि नव्वद जणांना काही निघालं नाही, तरी मला ते चालेल.

आता सोबत काय आलं ते. ताप, मान आखडून हनुवटी छातीला न टेकणं, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं असेल तर मेंदूज्वराची शंका. तासाभरात हालचाल हवी. एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, शब्द न सुचणं, एकाचे दोन दिसणं, दृष्टी जाणं, आकडी येणं, यांतलं काहीही नव्यानं झालं तर सरळ तातडीचा विभाग. डोळा लालभडक, दुखरा, दिव्याभोवती रंगीत वलयं आणि उलट्या, असं असेल तर तो काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. उलट्यांमुळे लोक पोटाची औषधं घेत बसतात आणि इकडे डोळा जातो. मान आणि डोकं एका बाजूनं दुखतंय आणि त्याच बाजूची पापणी खाली आली आहे, बाहुली लहान झाली आहे, तर मानेतल्या धमनीचं आतलं अस्तर फाटलेलं असण्याची शक्यता असते. (डोकं दुखतं म्हणून मान कडकड मोडून घेऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगते, ते यासाठीच. हलका मसाज करा, झटका नको.) आणि घरात एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखायला लागलं, बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर उतरलं, तर बंद जागेत जळणाऱ्या एखाद्या उपकरणातून कार्बन मोनॉक्साइड साचत असेल. आधी सगळ्यांना बाहेर काढा, बाकीचं नंतर.

इथे एक शंका नेहमी येते. अर्धशिशीच्या आधीही काहींना डोळ्यांसमोर चमचमत्या नागमोडी रेषा दिसतात, हाताला मुंग्या येतात. मग तो पक्षाघात नाही, हे ओळखायचं कसं? अर्धशिशीतला हा प्रकार पाच-दहा मिनिटांत हळूहळू पसरत जातो. मुंग्या बोटांतून वर चढत ओठांपर्यंत येतात, आणि बहुधा तासाभरात सगळं मावळतं. पक्षाघात एका क्षणात येतो, आणि त्यात काहीतरी चमकण्यापेक्षा काहीतरी बंद पडतं. पण हा फरक ज्याला वर्षानुवर्षं तेच होत आलं आहे त्याच्यासाठी. आयुष्यात पहिल्यांदा झालं असेल तर घरी बसून ठरवू नका.

तिसरी गोष्ट बदलाची, आणि ती सर्वांत जास्त निसटते. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी ही दुसरं काही सिद्ध होईपर्यंत गंभीर तक्रार समजायची. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक आजोबा आले होते. कानशिलापाशी दुखत होतं, केस विंचरताना टाळू हुळहुळायची. मी त्यांना आठवड्यानं रक्त तपासून या म्हटलं. जेवताना जबडा भरून येतो का, हे मी विचारलं नाही. त्यांचा तो भरून येत होता. सहाव्या दिवशी त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली आणि ती परत आली नाही. कानशिलाच्या धमनीला सूज येण्याचा हा आजार. यात ईएसआर आणि सीआरपी या साध्या रक्तचाचण्या त्याच दिवशी करायच्या असतात, आणि शंका दाट असेल तर पुढच्या तपासण्यांची वाट न पाहता स्टेरॉइड सुरू करायचं असतं. तेव्हापासून पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला मी जबड्याबद्दल विचारते. तुमच्या घरात कुणी असं दुखणं सांगत असेल तर तुम्हीही विचारा.

अशाच आणखी काही परिस्थिती आहेत, जिथे किरकोळ वाटणारं दुखणंही त्याच दिवशी दाखवायला हवं. गरोदरपणाचे 20 आठवडे झाल्यानंतर किंवा बाळंतपणानंतरच्या 6 आठवड्यांत आलेली नवी डोकेदुखी: आधी रक्तदाब मोजायचा, मग मेंदूच्या शिरांमध्ये गुठळी नाही ना ते पाहायचं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला लागलं असेल तर, मार हलका असला तरी. कर्करोगाचे उपचार चालू आहेत किंवा कोणत्याही कारणानं प्रतिकारशक्ती कमी आहे, तेव्हा. उभं राहिलं की दुखतं आणि आडवं झालं की काही मिनिटांत थांबतं, तेव्हा. कारण मेंदूभोवतीचं पाणी कुठून तरी झिरपत असतं. पाठीत भूल दिल्यानंतर हे होतं, कधी आपोआपही. याच्या उलट, झोपल्यावर, खोकल्यावर, वाकल्यावर वाढणारं, पहाटे जागं करणारं आणि दिवसेंदिवस चढत जाणारं दुखणं असेल तर कवटीतला दाब वाढलेला नाही ना, हे पाहावं लागतं.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही लिहिलेल्या मजकुरात वरची एकही धोक्याची खूण मला दिसली नाही. मला दिसतं ते असं: तुम्हाला विशीपासून अर्धशिशी आहे. 4 ते 72 तास टिकणारी, एका बाजूची, ठणकणारी, उलटी आणणारी, उजेड नकोसा करणारी डोकेदुखी वारंवार येत असेल तर तिला दुसरं नाव शोधायची गरज नसते. गेल्या साडेचार महिन्यांत तिनं रूप बदललं. महिन्यात 15 किंवा त्याहून अधिक दिवस, असं 3 महिन्यांपेक्षा जास्त चाललं की आम्ही तिला जुनाट म्हणतो. आणि ती जुनाट व्हायला बहुधा तुमच्या गोळ्यांनीच हातभार लावला आहे.

हे ऐकायला कठोर वाटतं, म्हणून नीट सांगते. यात तुमची चूक नाही. दुखतं म्हणून माणूस गोळी घेतो, यात वावगं काय? पण ज्यांना मुळात डोकेदुखीची प्रवृत्ती आहे त्यांच्यात वेदनाशामक वारंवार घेतलं की वेदना टिपणारी यंत्रणा अधिकाधिक हळवी होत जाते. गोळीचा असर ओसरला की ती पुन्हा कुरकुरते, आपण पुन्हा गोळी घेतो. मोजायचं ते गोळ्यांची संख्या नव्हे, गोळी घेतलेले दिवस. नुसती पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनसारखी औषधं महिन्यात 15 किंवा अधिक दिवस. आणि ट्रिप्टान, अर्गोटामाइन ही खास अर्धशिशीची औषधं, कोडीनसारखी अफूवर्गी औषधं किंवा दोन-तीन घटक एकत्र असलेल्या गोळ्या महिन्यात 10 किंवा अधिक दिवस, असं 3 महिन्यांहून अधिक काळ चाललं की हा प्रकार संभवतो. संधिवाताचे रुग्ण रोज हीच औषधं घेतात आणि ज्यांना डोकेदुखीची प्रवृत्ती नाही त्यांचं डोकं त्यामुळे दुखत नाही. म्हणजे दोष फक्त गोळीचा नाही, गोळी आणि तुमची अर्धशिशी यांच्या जोडीचा आहे.

मग काय करायचं? गोळी थांबवायची. साधी वेदनाशामकं आणि ट्रिप्टान बहुतेकांना एकदम थांबवता येतात. अफूवर्गी औषधं किंवा झोपेच्या, शांत करणाऱ्या औषधांचं मिश्रण मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायचं, एकदम सोडणं धोक्याचं. म्हणून तुमच्या गोळीच्या पाकिटावरचे सगळे घटक आधी वाचा. थांबवल्यानंतरचे पहिले काही दिवस, साधारण 2 ते 10, दुखणं वाढतं. मळमळ, बेचैनी, झोप न लागणं हेही होतं. लोक इथेच हरतात, कारण त्यांना कुणी आधी सांगितलेलं नसतं. "गोळी सोडली आणि मरायला झालं, म्हणजे मला गोळी लागतेच," असा त्यांचा समज होतो. ते वाढणं म्हणजे उपचार लागू पडायला लागल्याची खूण. कामाचा ताण कमी असलेला आठवडा निवडा, घरच्यांना तारीख सांगून ठेवा, उलटी थांबवणारं औषध डॉक्टरांकडून लिहून आणा. पहिले दोन आठवडे निघाले की बहुतेकांना फरक कळू लागतो, पूर्ण फायदा दिसायला दोन महिनेही लागतात.

आणि याच्या जोडीला प्रतिबंधक औषध मागा. "मागा" हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण वर्षानुवर्षं अर्धशिशी सोसणाऱ्या अनेकांना असं औषध असतं हेच कुणी सांगितलेलं नसतं. ही रोज घ्यायची औषधं दुखणं थांबवत नाहीत, ती झटक्यांची संख्या कमी करतात. प्रोप्रानोलॉल, दमा असेल तर नको. अमिट्रिप्टिलिन, रात्री 10 मिलिग्रॅमपासून, झोपही सुधारते. फ्लुनारिझिन, कँडेसार्टन, टोपिरामेट ही आणखी काही. अमिट्रिप्टिलिनच्या माहितीपत्रकावर नैराश्याचं औषध असं लिहिलेलं असतं. ते वाचून "डॉक्टरांना मी मानसिक रुग्ण वाटले" असं समजू नका. इथे त्याची मात्रा फार कमी असते आणि काम वेदनेच्या मार्गावर असतं. गरोदरपणाची शक्यता असलेल्या स्त्रीनं व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट टाळावं, बाळाला व्यंग येऊ शकतं. कोणतंही प्रतिबंधक औषध पुरेशा मात्रेत 8 ते 12 आठवडे घेतल्याशिवाय "लागू पडलं नाही" असं म्हणू नये. ते जमलंच नाही तर बोट्युलिनमची (बोटॉक्सची) इंजेक्शनं आहेत, आणि 2018 पासून सीजीआरपी या वेदनेच्या निरोप्याला अडवणारी खास अर्धशिशीसाठीची इंजेक्शनंही आली आहेत.

गाठीची भीती. ती मी हसण्यावारी नेणार नाही, मध्यरात्री ती खरीच असते. पण मेंदूत गाठ असताना फक्त डोकेदुखी आणि बाकी महिनोन्‌महिने काहीच नाही, असं क्वचित होतं. जुन्या, ठरावीक अर्धशिशीत तपासणी पूर्ण ठीक असेल तर मी एमआरआय सांगत नाही. तुमच्या बाबतीत मात्र दुखण्याचा साचा बदलला आहे, म्हणून एकदा करायला माझी हरकत नाही. एकच बजावते: अहवालात "किरकोळ पांढरे ठिपके" किंवा "सायनसमध्ये थोडी सूज" असं लिहून येऊ शकतं. अर्धशिशीच्या रुग्णांत असे ठिपके बऱ्याचदा दिसतात, त्यांना घाबरू नका. सायनसच्या नावावर खपणारी पुष्कळशी डोकेदुखी मुळात अर्धशिशीच असते, त्यासाठी प्रतिजैविकांचे कोर्स घेत बसू नका.

आता सोसण्याबद्दल. गोळीच्या सुट्टीनंतर जेव्हा खरा झटका येईल तेव्हा औषध लवकर आणि पूर्ण मात्रेत घ्यायचं. झटक्यात पोटाची हालचाल मंदावते, म्हणून तासभर वाट पाहून घेतलेली अर्धी गोळी वाया जाते. प्रौढाला पॅरासिटामॉल एका वेळी 1 ग्रॅम चालतं, 24 तासांत 4 ग्रॅम ही वरची मर्यादा. वजन 50 किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा आजार किंवा दारूची सवय असेल तर त्याहून बरीच कमी. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते त्यात धरायचं. आयब्युप्रोफेन 400 मिलिग्रॅम पोटात काही असताना घ्यायचं. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर ते नको. 16 वर्षांखालच्या मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका. ट्रिप्टान हृदयविकार असलेल्यांनी घ्यायचं नाही. आणि हे सगळं मिळून आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त नाही. ही रेघ ओलांडावी लागली तर औषध बदलायची वेळ आली असं समजा.

औषधाशिवायचं: अंधार, शांतता, कपाळावर किंवा मानेवर थंड पट्टी, काहींना शेक बरा वाटतो, जे मानवेल ते. अर्धशिशीच्या मेंदूला बदल आवडत नाही. म्हणून रोज ठरल्या वेळी झोपणं आणि उठणं, जेवण न चुकवणं, सुट्टीच्या दिवशीही तेच. चहा-कॉफी भरपूर घेत असाल तर रोज थोडी थोडी कमी करा. एकदम सोडली तर तिचीच डोकेदुखी आठवडाभर छळते. रोज अर्धा तास चालणं. अमुक खाल्लं की दुखतं अशा लांबलचक याद्या करून स्वतःला उपाशी ठेवू नका, त्यातून फार थोड्यांना फायदा होतो.

"ताण घेतेस" म्हणणाऱ्या घरच्यांसाठी एक गोष्ट. ताणानं झटका चिघळतो, हे खरं. पण अर्धशिशी हा मेंदूचा, बराचसा आनुवंशिक आजार आहे, स्वभावदोष नव्हे. रोज दुखणारं डोकं घेऊन काम करणाऱ्या माणसाला ताण येणारच, कारण आणि परिणाम उलटे लावू नका. आणि ताई, या महिन्यांत कधी "यापेक्षा नसलेलं बरं" असा विचार मनात आला असेल, तर तो लपवू नका. सततच्या वेदनेत असं अनेकांना होतं आणि त्यावर उपचार आहेत. आजच जवळच्या माणसाला सांगा, आणि विचार जोर धरत असेल तर रात्र असली तरी तातडीच्या विभागात जा. तेही तितकंच तातडीचं आहे.

तुम्ही या आठवड्यात डॉक्टरांना भेटा. धावत नको, पण पुढे ढकलूही नका. जाताना मागच्या चार आठवड्यांची आठवेल तशी नोंद कागदावर न्या: कोणत्या दिवशी दुखलं, किती तास, कोणती गोळी घेतली, पाळी कधी होती. सगळी पाकिटं न्या, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याही. झटक्याआधी चमचमत्या रेषा दिसत असतील तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या बदलाव्या लागतात, कारण दोन्ही मिळून पक्षाघाताचा धोका वाढतो. आणि डॉक्टरांना एवढं नक्की विचारा: "माझ्या डोळ्याचा मागचा पडदा पाहाल का?" तिथली नस सुजलेली असेल तर कवटीतला दाब वाढल्याचं तिथे दिसतं, आणि तुमच्या वयाच्या स्त्रियांमध्ये, विशेषतः वजन वाढलं असेल तर, गाठ नसतानाही असा दाब वाढू शकतो. उपचार न मिळाल्यास त्यात नजर जाते. त्यांच्याकडे ते पाहण्याचं साधन नसेल तर नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन बाहुल्या मोठ्या करून पडदा तपासून घ्या. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे ही तपासणी झाली, असं होत नाही.